सिग्नलला ट्रकच्या डावीकडे जी मोकळी जागा दिसते ना, तिथे सायकल घालू नका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर चालू झाले, रोज चार-पाच यायचे, आणि त्यातल्या एका टँकरवाल्या मामांशी माझी ओळख झाली कारण मी सकाळी सायकल काढायला खाली उतरायचो तेव्हा ते पाइप जोडून गेटपाशी चहा पीत उभे असायचे. एक दिवस म्हणाले, "रोज सायकलवर जाता साहेब, एकदा वरती चढून बघा की आम्हाला काय दिसतंय ते." चढलो. मामांनी वॉचमनला सांगितलं, ह्यांची सायकल घे, सीटवर बस आणि डाव्या बाजूला दाराच्या जरा मागे थांब. मी डावीकडच्या आरशात बघितलं, टँकरची कड दिसतेय, कंपाउंडची भिंत दिसतेय, वॉचमन नाही. डाव्या खिडकीतून मान लांब करून बघितलं तरी नाही. मग त्याला पुढे बंपरला चिकटून उभं केलं तर काचेतून त्याच्या टोपीचा शेंडा तेवढा दिसला, खाली सायकल आहे का स्कूटर का लहान पोरगं, काही कळायला मार्ग नाही. मामा शांतपणे म्हणाले, "आता हिरवा पडलाय, मागून सगळे हॉर्न मारतायत. काय करणार?"

मी पुण्यात पंधरा-सोळा वर्षं सायकल चालवतोय. हेल्मेट घालतो, मागे लाल लुकलुकता लाइट आहे, पिवळं जाकीट आहे, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की एवढं सगळं केलं म्हणजे आपण दिसतो. त्या जागेवर उभं राहिलं तर अंगावर दिवाळीची माळ लावली तरी दिसत नाही. म्हणून हे लिहितोय. लाइट, जाकीट वगैरे पुढे येईलच पण सगळ्यात आधी जागा. ट्रकच्या आजूबाजूला तुम्ही कुठे आहात ह्यावर बाकी सगळं ठरतं.

(लंडनमध्ये पोलिसांनी हाच प्रयोग रस्त्यावर उतरून केला होता, एक्स्चेंजिंग प्लेसेस नावाने, म्हणजे सायकलवाल्याला धरून लॉरीच्या ड्रायव्हर सीटवर बसवायचं आणि दाखवायचं. आपल्याकडे टँकरवाले मामा आहेत, चहा पाजलात तर कोणीही दाखवेल. खरंच एकदा बसून बघा, हे सगळं वाचण्यापेक्षा ती दोन मिनिटं जास्त शिकवतात.)

आता डावी बाजूच का. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, सायकल डावीकडून चालते, म्हणजे आपण बरोब्बर त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात असतो, आणि मधे अख्खी केबिन, तिचा दरवाजा, डॅशबोर्डवरचा देव, काचेवरची झालर. त्यात गाडी डावीकडे वळायला लागली की दुसरी गंमत होते जी बऱ्याच सायकलवाल्यांना माहितीच नसते. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून जात नाहीत, ती आतून कापतात. हिशोब साधा आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांत ५ मीटर अंतर असेल आणि पुढचं चाक १० मीटरच्या त्रिज्येत वळलं तर मागचं चाक त्याच्यापेक्षा साधारण १.३ मीटर आतून जातं. तुमच्या सायकलचं हँडल असतं अर्धा-पाऊण मीटर. म्हणजे पुढचं चाक तुमच्यापासून चांगलं मीटरभर लांबून गेलं, तुम्ही म्हणालात चला सुटलो, आणि मागचं चाक तुमच्याच जागेवरून जाणार. ट्रेलर असेल तर ह्याहून जास्त. आणि वळायची जागा कमी असली की ड्रायव्हर आधी गाडी उजवीकडे झोकतो आणि मग डावीकडे घेतो, नाहीतर त्याचं मागचं चाक फुटपाथवर चढेल. मागून बघणाऱ्याला वाटतं की हा उजवीकडे चाललाय, डावीकडे मस्त जागा झालीय, आणि आपण घुसतो. ती जागा तुमच्यासाठी झालेली नसते, मागच्या चाकासाठी केलेली असते.

तर सिग्नलला पोचलात, पुढे डंपर उभा आहे. काय करायचं? थांबायचं. त्याच्या मागे थांबायचं, आणि एकदम मागे चिकटून नाही, दोन-तीन मीटर सोडून, थोडं एका बाजूला, अशा ठिकाणी जिथून तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसतो. तुम्हाला त्याचा चेहरा दिसला तर तुम्हीही त्याला दिसू शकता, त्याने बघितलं तर. चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच. चढावर तर अंतर अजून जास्त ठेवा, भरलेली गाडी उचलताना मागे सरकते.

पुढे जाऊन उभं राहायचं असेल तर एकच अट, पूर्ण पुढे, म्हणजे बंपरच्या निदान तीन-चार मीटर पुढे आणि सिग्नल नुकताच लाल झालाय ह्याची खात्री असेल तरच. सेकंदांचा काउंटर असला तर बघून घ्या, १५-२० सेकंद उरलेत आणि तुम्ही अजून ट्रकच्या मागच्या चाकापाशी आहात तर विसरा. आणि पुढे पोचलात की एकदा मागे वळून ड्रायव्हरकडे बघा, हात करा. लाजू नका, त्यांनाही आवडतं, बरेच जण मान हलवतात. पण आपल्याकडे अडचण अशी की पुढे मोकळी जागा कधीच नसते, झेब्रावर आधीच पन्नास स्कूटर असतात, मग सायकलवाला अर्ध्यात अडकतो, नेमका केबिनच्या दाराशी. ही सगळ्यात वाईट जागा. अडकलातच तर सायकलवरून उतरा, सायकल उचला आणि फुटपाथवर चढा. मी दोनदा केलंय, लोक बघतात, बघू देत.

आणि उलटंही होतं, तुम्ही आधी येऊन नीट थांबला होतात आणि ट्रकच येऊन तुमच्या बाजूला उभा राहिला. तुमची काहीच चूक नाही तरी जागा तीच झाली ना. अशा वेळी हिरवा पडला तरी निघू नका, त्याला जाऊ द्या, मागचं शेवटचं चाक पुढे जाईपर्यंत पाय खाली. चालत्या रस्त्यावर पण तेच, ट्रक ओव्हरटेक करत करत बाजूला आला आणि पुढे चौक दिसतोय तर आपण पेडल थांबवायचं. शर्यत लावायची नाही, पायात कितीही दम असला तरी.

ट्रक काय करणार हे कशावरून ओळखायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इंडिकेटरवर आपल्याकडे काही ठरत नाही. एक तर अर्ध्यांचे चालत नाहीत, आणि हायवेवरून आलेले ड्रायव्हर उजवा इंडिकेटर 'जा पुढे, ओव्हरटेक कर' ह्या अर्थाने पण देतात, तो शहरात शिरल्यावर कोणता अर्थ घ्यायचा तुम्हीच सांगा. म्हणून पुढच्या चाकाकडे बघायचं. चाक खोटं बोलत नाही. उभ्या ट्रकचं पुढचं चाक डावीकडे तिरकं असेल तर तो डावीकडेच जाणार, इंडिकेटर काहीही म्हणू दे. दुसरं म्हणजे कान. एअर ब्रेकवरचा पाय उचलला की हवा सुटते, फुस्स असा आवाज येतो, तो आला की गाडी हलणार असं धरायचं. हँडब्रेक लावतानाही असाच आवाज होतो म्हणून कधीकधी उगाच घाबरायला होतं, पण उगाच घाबरलेलं परवडतं. इअरफोन लावून सायकल चालवणाऱ्यांना मी बाकी काही म्हणत नाही, फक्त हा आवाज त्यांना येत नाही एवढंच.

तिसरं, क्लीनर आहे का बघा. पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असायचा, डाव्या खिडकीत बसून बाहेरून पत्र्यावर थापा मारायचा, येऊ दे, येऊ दे, बस्स! तो ट्रकचा डावा डोळा होता. आता पगार वाचवायला कित्येक डंपर-टँकरवर एकटा ड्रायव्हर असतो आणि डाव्या सीटवर त्याचा डबा आणि पाण्याचा कॅन. डाव्या खिडकीत माणूस नसेल तर समजायचं की ह्या गाडीला डावीकडचं काही कळत नाही. आणि मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असलं तरी (महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आलीय, तरी दिसतंच) आपल्या घंटीचा त्याला उपयोग शून्य. इंजिनच्या आवाजात सायकलची घंटी त्याच्यापर्यंत पोचत नाही. वेळ आलीच तर तोंडाने ओरडा, किंवा हाताने पत्र्यावर जोरात थाप मारा, क्लीनरसारखी, ड्रायव्हर सवयीने ब्रेक मारतो. पण हाताने थाप मारण्याइतके जवळ आहात म्हणजे आधीच काहीतरी चुकलंय.

गाड्यागाड्यांत फरक आहे. खडी-मुरूम वाहणारे डंपर फेरीवर चालतात, जितक्या फेऱ्या तितके पैसे, त्यामुळे रिकामा डंपर भरलेल्यापेक्षा जास्त पळतो. डंपर-टँकरला ६० चा स्पीड गव्हर्नर नियमात आहे, पण गल्लीत ४० सुद्धा म्हणजे सेकंदाला ११ मीटर. त्याने तुम्हाला बघून पाय ब्रेकवर नेईपर्यंतच गाडी दहा-अकरा मीटर पुढे आलेली असते, ब्रेक लागायला अजून सुरुवात व्हायचीय. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर अजून बेकार, ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे आदळतं आणि गाडीला ढकलतं. सिमेंटचा मिक्सर वरून जड, वळणावर त्याच्या शेजारी राहायचंच नाही, तो कलंडू शकतो. पीएमपीची लांब बस डावीकडे वळते तेव्हा तिचं शेपूट उजवीकडे बाहेर येतं, म्हणजे तिथे उजवीकडून जाणाराही लागतो. छोटा टेम्पो त्यामानाने बरा, तो निदान दिसतो आणि त्यालाही आपण दिसतो, त्याचा त्रास वेगळा, कुठेही थांबतो.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. हे लोकांना पटत नाही, घरून सांगितलेलं असतं ना, "कडेकडेने जा." पण कडेला काय असतं, पेव्हर ब्लॉकची पट्टी, काँक्रीट आणि डांबर ह्यांच्यामधली फट जिच्यात टायर बरोब्बर अडकतो, ड्रेनेजची झाकणं, साइटवरून सांडलेली खडी. त्यात तुम्ही झोल खाल्लात की पडणार उजवीकडेच, म्हणजे चाकाखाली. कडेपासून मीटरभर सोडून, सरळ रेषेत चालवा. मग डावीकडे सुटायला जागा राहते आणि मागच्याला तुम्ही रस्त्यातला माणूस वाटता. पार्क केलेल्या गाड्यांच्या बाजूनेही मीटरभर सोडा, कोणीतरी न बघता दार उघडतं आणि सायकलवाला दार चुकवायला उजवीकडे जातो, त्याच क्षणी मागून ट्रक असला की संपलं. वळायचं असेल तर आधी मागे बघायचं, मग हात, मग वळायचं. तिन्ही एकदम नाही.

वाहतूक पोलीस असतील किंवा मोकळा फ्री लेफ्ट असेल तिथे सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याची पंचाईत होते, कारण डावीकडे वळणारा ट्रक न थांबता तुमच्यावरून कापत जातो. फ्री लेफ्ट आला की सायकल जरा आधीच, म्हणजे पन्नास एक मीटर आधी, मागे बघून सरळ जाणाऱ्या लेनमध्ये घ्या. जमत नसेल, गर्दी असेल, तर उतरा आणि पायी ओलांडा. ह्यात कमीपणा काही नाही.

उताराचे रस्ते शक्यतो टाळाच. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहितीय, नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच जड गाडीने तिथे किमान दोन डझन गाड्या ठोकल्या होत्या. डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. तिथे तुम्ही कितीही नियमाने चालवत असाल, मागून येणाऱ्याच्या हातात काही राहिलेलं नसतं. तिकडून जायचंच असेल तर सर्व्हिस रोडने जा. आईमाता मंदिराकडून गंगाधाम चौकात उतरणारा रस्ता पण तसलाच. दहा मिनिटं जास्त लागली तरी आतल्या गल्ल्यांतून जा, मी गुगल मॅपचं ऐकत नाही, स्वतःचा रस्ता पाठ करून ठेवलाय, ज्यात मोठे चौक कमीत कमी येतात आणि जिथे बांधकाम चालू आहे ते रस्ते येत नाहीत. बांधकाम कुठे चालू झालं हे रस्त्यावरच्या मातीवरून कळतं, डंपरच्या चाकांची ओली माती दिसली की पुढे गेट आहे. गेटमधून गाडी बऱ्याचदा रिव्हर्स येते, तिच्या मागून अजिबात जायचं नाही, रिव्हर्सचा भोंगा बंद असला तरी आणि शिट्टीवाला माणूस "या, या" म्हणत असला तरी. तो तुम्हाला नाही, ड्रायव्हरला "या" म्हणत असतो.

शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बऱ्याच रस्त्यांवर बंदी असते, बोर्ड लावलेले असतात, तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा बोर्ड एकदा थांबून वाचा. आणि मग बंदी उठायच्या वेळी तिथे असू नका, कारण नाक्यावर तासभर थांबलेल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात.

आता लाइट आणि जाकीट, आधी म्हणालो होतो ते. पुढे पांढरा, मागे लाल, रिफ्लेक्टर पुसलेले, एवढं तरी हवंच. पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पायाच्या घोट्याला रिफ्लेक्टरची पट्टी. पेडल मारताना ती वरखाली होते आणि लांबूनही कळतं की ही सायकल आहे, खांब नाही. रात्री बंदोबस्तावरून किंवा सेकंड शिफ्टवरून घरी जाणारे जे वॉचमन, कामगार असतात, ज्यांच्या काळ्या सायकलला एक पण लाइट नसतो, त्यांना ह्या पट्ट्या वाटा. खरे रोजचे सायकलवाले तेच आहेत, आम्ही रविवारी चड्डी घालून सिंहगडाच्या पायथ्याला जाणारे नाही. पावसात रेनकोटची टोपी डोळ्यांच्या बाजूला येते आणि मागे वळून बघितलं तरी टोपीच दिसते, त्यापेक्षा हेल्मेटखाली पुढे पान असलेली साधी कॅप घाला आणि रेनकोटची टोपी सोडून द्या. पावसात ट्रकचा डावा आरसा आणि काच दोन्ही पाण्याने भरलेले असतात, म्हणजे एरवी थोडंफार दिसत असेल ते पण जातं. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेल्या ट्रकचं मागचं अंग दिसत नाही, फांद्या लावलेल्या असल्या तर नशीब, तिथे लाइट खाली रस्त्यावर नाही, समोर दूरवर मारा.

हे सगळं सायकलवाल्याने करायचं आणि ट्रकवाल्याने काहीच नाही असं नाही, मला उलट राग ह्याचाच येतो. ज्याची गाडी आहे त्याने तीन गोष्टी केल्या तर अर्धं काम होईल. डावीकडे खाली बघणारा आणि बंपरसमोरचं दाखवणारा, असे दोन जादा बहिर्गोल आरसे, आणि ते रोज पुसायचे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेला साइड गार्ड, म्हणजे माणूस पडला तरी चाकाखाली सरकत नाही. आणि डाव्या सीटवर माणूस, ते जमत नसेल तर निदान कॅमेरा. लंडनमध्ये साडेतीन टनांवरच्या गाड्यांना हे आरसे आणि गार्ड सप्टेंबर २०१५ पासून सक्तीचे केले, आणि मग २०२१ पासून १२ टनांवरच्या गाड्यांना केबिनमधून किती दिसतं ह्यावर शून्य ते पाच स्टार द्यायला लागले, शून्य स्टार असेल तर जादा सुरक्षा यंत्रणा बसवल्याशिवाय परमिट नाही, ऑक्टोबर २०२४ पासून निदान तीन स्टार पाहिजेत नाहीतर जास्तीची सुरक्षा यंत्रणा बसवा. आपल्याकडे साइड गार्ड नियमात आहे पण रस्त्यावर बघा, कित्येक डंपरचे वाकलेले, तुटलेले, नाहीतर गायब.

सोसायटीवाल्यांच्या हातात पण आहे. टँकर आपण बोलावतो ना? मग सेक्रेटरींनी पुरवठादाराला सांगायचं, शाळेच्या बस यायच्या वेळी, सकाळी साडेसहा ते आठ आणि दुपारी शाळा सुटते तेव्हा, टँकर आत येणार नाही, आणि क्लीनर असलेलाच टँकर पाठवा. आमच्याकडे मीटिंगमध्ये दोन महिने वाद झाला, कोणी म्हणालं पाणी महत्त्वाचं, शेवटी मी सगळ्यांना एकेक करून मामांच्या केबिनमध्ये बसवलं आणि खाली कोणाचंतरी पोरगं तीन चाकी सायकल घेऊन उभं केलं, इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. ठराव त्याच दिवशी झाला.

आणि इतकं करूनही कुठे अपघात दिसला तर. आधी मागून येणारी गाडी थांबवा, नाहीतर दुसरा अपघात होतो. माणूस चाकाखाली असेल तर ड्रायव्हरला गाडी मागे-पुढे करायला लावू नका, घाबरून तो तेच करायला जातो, चावी काढायला सांगा. १०८ ला फोन, १०८ लागत नसेल तर ११२. हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान हलवायची नाही, रक्त येत असेल तिथे कापड दाबून धरायचं. पोलिसांच्या भानगडीला घाबरून लोक बघत उभे राहतात, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती झाली त्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची पण सक्ती नाही. घरच्यांना सांगा की मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचाराची योजना आहे, अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत, सायकलवाल्यालाही लागू. गाडी पळून गेली असेल तर हिट अँड रनची भरपाई वेगळी मिळते, मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार. त्यासाठी गाडीचा नंबर लागत नाही, पण पोलिसात नोंद लागते, ती त्याच दिवशी करून घ्या.